एफ.वाय.चं ऑरगॅनिक: बाण नेमका कुठून काढायचा?

चिंचबोर | ११ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. 'कार्बनी संयुगे' हा धडा मला तेव्हा इतका आवडायचा की समजातीय श्रेणी झोपेतसुद्धा म्हणायचे. बारावीला कन्व्हर्जन पाठ केली, नावाच्या रिअॅक्शन पाठ केल्या, केमिस्ट्रीत ८१ पडले. घरच्यांना वाटलं पोरगी केमिस्ट होणार.

परवा पहिली इंटर्नल झाली. ऑरगॅनिकमध्ये २० पैकी ६.

प्रश्न सोपा होता. प्रोपीनवर एचबीआरची (हायड्रोजन ब्रोमाइडची) क्रिया, मेकॅनिझमसह, म्हणजे ती कशी घडते ते बाणांनी दाखवून. उत्तर मला माहीत होतं, २-ब्रोमोप्रोपेन, मार्कोव्हनिकोव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, तिथेच नवा हायड्रोजन बसतो). तेवढ्याला १ मार्क मिळाला. मेकॅनिझममध्ये मी एच प्लसपासून डबल बाँडकडे बाण काढला होता. त्याला लाल गोल आणि बाजूला प्रश्नचिन्ह. बाकी काही लिहिलेलं नाही. वर्गात नव्वद जण आहोत, तास पीपीटीवर होतो, उठून विचारायचा धीर होत नाही.

एच प्लस जाऊन डबल बाँडला चिकटतो, मग बाण तिथूनच निघायला हवा ना? चुकलं कुठे?

---

टीवायवाला | ११ ऑगस्ट, रात्री १०.०५

२० पैकी ६ म्हणजे वर्गात वरच्या दहांत असशील. मला एफ.वाय.ला ४ होते. आता टी.वाय.ला आहे, हातपाय शाबूत आहेत. रडू नकोस.

---

शेतकरी_मी | ११ ऑगस्ट, रात्री १०.१८

शीर्षक वाचून सेंद्रिय शेतीचा धागा म्हणून आत आलो. 'बाण' म्हणजे ठिबकचं काहीतरी असेल असं वाटलं. असो, आलोच आहे तर बसतो कोपऱ्यात. चहा असेल तर सांगा.

---

जुना_खडू | ११ ऑगस्ट, रात्री ११.३०

चिंचबोर, तुझा प्रश्न मी एकतीस वर्षं दर जुलै-ऑगस्टमध्ये पाहिला आहे. त्यामुळे लाज वाटून घेऊ नकोस. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पेपरांत तो बाण उलटाच असणार.

तू बाणाला 'कोण कुठे गेलं' असं वाचतेस. गावाकडून शाळेकडे बाण, म्हणजे मुलगा शाळेत गेला. रोजच्या व्यवहारात ते बरोबर आहे. ऑरगॅनिकमध्ये मात्र वाकडा बाण अणूचा प्रवास दाखवतच नाही. तो इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो. बाणाचं शेपूट जिथे जोडी आहे तिथे, टोक जिथे ती जाणार तिथे.

आता एच प्लसकडे बघ. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन होता, तोही गेला. त्याच्यापासून बाण काढणं म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा आड ठणठणीत कोरडा आहे. भरलेला आड कुठला? डबल बाँड. त्यातली पाय (π) जोडी, म्हणजे दुसऱ्या बंधाची जोडी, दोन्ही कार्बनच्या प्रतलाच्या वर-खाली पसरलेली असते, सैल असते. म्हणून पहिला बाण डबल बाँडच्या मधून निघून एचबीआरच्या हायड्रोजनवर टेकतो. हायड्रोजनला दोन बंध पेलत नाहीत, म्हणून त्याच क्षणी दुसरा बाण: एच आणि बीआर यांच्यामधल्या बंधापासून ब्रोमीनकडे. ब्रोमाइड सुटला. एका कार्बनवर धन प्रभार आला. तिसरा बाण ब्रोमाइडच्या जोडीपासून त्या कार्बनकडे.

एवढं झालं की मार्कोव्हनिकोव्ह पाठ करावा लागत नाही. हायड्रोजन कडेच्या कार्बनवर बसला तर धन प्रभार मधल्या कार्बनवर येतो, त्याला दोन मिथिलचा आधार मिळतो. उलट बसला तर प्रभार कडेच्या कार्बनवर, आधाराला एकच एथिल. पहिली वाट सोपी, म्हणून २-ब्रोमोप्रोपेन. रशियात मार्कोव्हनिकोव्हने हा नियम १८६९-७०च्या सुमारास मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. बिचाऱ्याने पाहून पाहून नियम काढला. तुला तो कारणासकट मिळतोय, मग नुसता पाठ कशाला करतेस?

उद्यापासून प्रत्येक मेकॅनिझमसमोर एवढंच विचार: आड कुठे आहे?

---

रट्टाबहाद्दर | १२ ऑगस्ट, सकाळी ७.५०

सरांचा आदर ठेवून वेगळं मत. मी २०११चा बी.एस्सी. सगळ्या रिअॅक्शनची एक वही केली होती, डावीकडे रिएजंट, उजवीकडे प्रॉडक्ट. रोज एसटीत पाठ. शेवटच्या वर्षाला ऑरगॅनिकमध्ये वर्गात पहिला. आड-पोहरा वगैरे ठीक आहे, पण परीक्षेत दोन तासांत सहा प्रश्न लिहायचे असतात. तत्त्वज्ञान नंतर, आधी मार्क.

---

जुना_खडू | १२ ऑगस्ट, दुपारी २.१०

रट्टाबहाद्दर, तुमची वही मला मान्य आहे. रिएजंटची नावं, पीकेएचे (हायड्रोजन किती सहज सुटतो याचे, आकडा लहान तितका सहज) पाच-सात आकडे, नावाच्या रिअॅक्शन हे पाठच करावं लागतं, त्याला पळवाट नाही. इंग्रजी शिकताना शब्द पाठ करतोच की.

पण तुमच्या वहीला एक प्रश्न. ३-मिथिल-१-ब्युटीनवर एचसीएल. उजवीकडे काय लिहाल?

---

रट्टाबहाद्दर | १२ ऑगस्ट, दुपारी २.२५

२-क्लोरो-३-मिथिलब्युटेन. मार्कोव्हनिकोव्ह.

---

जुना_खडू | १२ ऑगस्ट, दुपारी २.३१

अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं चिंचबोरने सांगावं. घाई नाही, पेन्सिल घेऊन बस.

---

चिंचबोर | १२ ऑगस्ट, रात्री ८.५५

सर, तीन पानं खोडली. लिहिते.

डबल बाँड हा आड. पहिला बाण तिथून एचसीएलच्या हायड्रोजनकडे. हायड्रोजन १ नंबरच्या कार्बनवर बसला, धन प्रभार २ नंबरवर. तो सेकंडरी, म्हणजे दोन कार्बनांना जोडलेला. क्लोराइड तिथे आला तर रट्टाबहाद्दरदादांचं उत्तर.

पण शेजारच्या ३ नंबरच्या कार्बनवर दोन मिथिल आहेत. प्रभार तिथे असता तर टर्शरी (तीन कार्बनांना जोडलेला) झाला असता, जास्त स्थिर. म्हणून मी ३ नंबरवरच्या हायड्रोजनपासून २ नंबरकडे बाण काढला. मग प्रभार ३ नंबरवर आला आणि क्लोराइड तिथे बसला. २-क्लोरो-२-मिथिलब्युटेन?

---

जुना_खडू | १२ ऑगस्ट, रात्री ९.२०

शाब्बास. दोन्ही मिळतात, मिश्रण मिळतं. याला हायड्राइड शिफ्ट म्हणतात.

एकच दुरुस्ती. शेवटचा बाण हायड्रोजनच्या अक्षरापासून नको. कार्बन-हायड्रोजन बंधाच्या मधून काढ. हायड्रोजन एकटा जात नाही, बंधाची जोडी सोबत घेऊन जातो. प्लस म्हणून गेला असता तर प्रभार सरकलाच नसता.

---

रट्टाबहाद्दर | १२ ऑगस्ट, रात्री ९.४२

हे आमच्या वहीत नव्हतं. दंडवत.

---

शेतकरी_मी | १३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. आमच्याकडे सेंद्रिय म्हणजे युरिया न टाकलेलं. तुमच्या सेंद्रिय रसायनात युरिया चालतो का?

---

लोटेकर | १३ ऑगस्ट, सकाळी ९.०५

शेतकरीदादा, चालतो काय, युरिया तर आमचा गणपती! पूर्वी समजूत अशी की जिवंत देहात बनणारी संयुगं वेगळी, ती बनवायला प्राणशक्ती लागते, काचेच्या भांड्यात ती होणार नाहीत. म्हणून 'ऑरगॅनिक', म्हणून आपल्याकडे सेंद्रिय. १८२८मध्ये जर्मनीत फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट तापवलं तर हाती आला युरिया, जो मूत्रात असतो. प्राण नाही, मूत्रपिंड नाही, तरी युरिया. त्या समजुतीला तिथून तडे जायला लागले.

म्हणजे जो पदार्थ सेंद्रिय शेतीत निषिद्ध, त्याच्यापासूनच सेंद्रिय रसायनाची पोथी उघडते. आता बोला.

---

शेतकरी_मी | १३ ऑगस्ट, सकाळी ९.३०

खिक्. हे आज पारावर सांगतो.

---

सावली | १५ ऑगस्ट, रात्री १.१०

ओहायोतून लिहितेय. पीएच.डी. करताना इथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ऑरगॅनिकची लॅब नि डिस्कशन शिकवते. इथे दोन सेमिस्टरचा कोर्स असतो आणि वर्गात डॉक्टर व्हायला निघालेली मुलं भरपूर. त्यांची भीती आणि चिंचबोरची भीती एकाच आईची लेकरं आहेत. रंगीत फ्लॅशकार्डांचे गठ्ठे घेऊन येतात आणि उलटा बाण काढतात. फक्त ती बिनधास्त हात वर करतात, आपण मान खाली घालतो.

चिंचबोर, तुला लवकरच स्टिरिओकेमिस्ट्री लागेल, म्हणजे रेणूची अवकाशातली रचना, आर आणि एस. ती कागदावर शिकू नकोस. इथे आमच्या विभागात परीक्षेलाही मॉडेलचा डबा न्यायची परवानगी असते. तो डबा महाग पडतो, म्हणून माझी एफ.वाय.ची युक्ती सांगते. आई पोळ्या करायला बसली की कणकेचा सुपारीएवढा गोळा मागून घे. त्यात खराट्याच्या चार काड्या खोच, एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. सपाट अधिक चिन्हासारख्या खोचल्यास तर चुकलीस. एक वर, तीन खाली तिवईसारख्या. टोकांना छोटे गोळे: एक हळदीचा, एक कुंकवाचा, एक काजळाचा, एक तसाच पांढरा. मग दुसरं मॉडेल असं कर की ते पहिल्याचं आरशातलं रूप असेल. आता एकावर एक बसवून बघ. दोन रंग जुळतील, उरलेले दोन अदलाबदल होतील. कितीही फिरव.

पांढरा सगळ्यांत हलका धर, तो तुझ्यापासून लांब ठेव आणि हळद-कुंकू-काजळ या क्रमाने बघ. घड्याळाच्या दिशेने गेलं तर आर, उलट तर एस. खऱ्या रेणूत क्रम अणुक्रमांकावरून लावायचा, एवढाच फरक. आजी ओरडली होती की कणकेत काड्या काय खोचतेस, अमावास्या आहे का!

आणि हा फरक नुसता कागदावरचा नाही. कार्वोन नावाचा रेणू आहे. त्याचं आर रूप स्पिअरमिंटमध्ये असतं, म्हणजे च्युइंगगमचा तो थंड गोडसर वास. एस रूप शहाजिऱ्यात आणि बाळंतशोपेत. अणू तेच, बंध तेच, फक्त डावं-उजवं. नाकाला कळतं, कारण नाकातले रिसेप्टरसुद्धा डावे-उजवे असतात. घरात बाळंतशोपेची पुडी असेल तर आत्ता उघडून हुंग.

---

चिंचबोर | १५ ऑगस्ट, दुपारी ४.३०

सावलीताई, शोपेची पुडी सापडली! वहिनीच्या बाळंतपणातली. च्युइंगगम आणायला भावाला पिटाळलं आहे. कणीक आई देत नाहीये, म्हणून शाडूची माती घेतली. गणपती तोंडावर आहेत, घरात आहेच.

---

टीवायवाला | २ सप्टेंबर, रात्री ११.००

एसएन१ आणि एसएन२ (कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याचे दोन प्रकार) लागलं असेल आता. सगळे सर छत्रीचं उदाहरण देतात, वाऱ्याने उलटी होणारी. माझ्या डोक्यात ते कधीच बसलं नाही, कारण छत्री पुन्हा सरळ करता येते. माझं उदाहरण एसटीचं.

एसएन२: गाडी गच्च भरलेली. सीटवर एक जण बसलाय, त्याचा स्टॉप आलाय, तो दरवाज्याच्या बाजूने उठायला लागलाय. त्याच वेळी बाहेरून खिडकीतून एक जण रुमाल टाकून सीट धरतो. रुमाल खिडकीकडूनच येणार, कारण दुसऱ्या बाजूला उठणारा उभा आहे. उठणं आणि धरणं एकाच दमात. म्हणून आत येणारा नेहमी मागून येतो आणि रेणूची रचना उलटते. हे उलटणं पॉल वाल्डेनने १८९६मध्येच पाहिलं होतं. आता खिडकीला तीन जाडजूड बोचकी टेकवली तर रुमाल आत येईल का? नाही. म्हणून टर्शरी कार्बनवर एसएन२ होत नाही.

एसएन१: डेपोत गाडी लागली. माणूस आधी उतरून गेला, सीट रिकामी. मग जो येईल तो, खिडकीतून रुमाल टाका नाहीतर दारातून घुसा. दोन्ही बाजू मोकळ्या, म्हणून रॅसेमिक मिश्रण, म्हणजे आरशातली दोन्ही रूपं निम्मी-निम्मी. आणि वेळ ठरवतो तो उतरणारा. बाहेर शंभर जण वाट बघत असले तरी तो पिशवी शोधत बसला तर सीट मिळत नाही. म्हणून रेटमध्ये न्यूक्लिओफाइलचा (जोडी घेऊन आत येणाऱ्याचा) आकडा येतच नाही.

---

जुना_खडू | ३ सप्टेंबर, सकाळी १०.४०

टीवायवाला, हे उदाहरण मी चोरलं. निवृत्त झालो म्हणून काय झालं, शेजारची पोरं येतात.

थोडी भर घालतो. एसएन१मध्ये नेहमी बरोब्बर निम्मं-निम्मं मिळतं असं समजू नका. उतरणारा माणूस लगेच लांब जात नाही, दरवाज्यात रेंगाळतो. तेवढ्यात रुमाल आला तर तो खिडकीकडूनच येणार. म्हणून पुष्कळदा उलटलेलं रूप थोडं जास्त भरतं. पुस्तकात यालाच आयन पेअर म्हणतात.

---

लोटेकर | ७ सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा छान चाललाय, म्हणून कारखान्यातली एक हकीकत. नाव-गाव विचारू नका.

मी बी.एस्सी.ला ग्रिन्यार रिएजंट 'आरएमजीएक्स' म्हणून पाठ केला होता. व्हिक्टर ग्रिन्यार, १९००, नोबेल १९१२. 'ड्राय ईथर' हे शब्द बाणावर लिहायचे, नाहीतर अर्धा मार्क कट. ड्राय का, हे मी कधी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

मग कोकणात नोकरी लागली. जुलै महिना. भिंतींना पाझर, कपाटातल्या चपलेवर बुरशी, अशी हवा. अडीचशे लिटरच्या रिअॅक्टरमध्ये मॅग्नेशियमची टर्निंग्ज, टीएचएफ (ईथरच्या जागी वापरायचा सॉल्व्हंट), आयोडीनचे खडे, सगळं घेतलं. हॅलाइड थेंबथेंब सोडायचं. सुरुवात झाली की आयोडीनचा रंग जातो आणि तापमान आपोआप चढतं. तासभर सोडलं, रंग तसाच, तापमान हलेना. सॉल्व्हंटमध्ये ओल होती. नवीन ऑपरेटरला वाटलं माल कमी पडतोय, त्याने वाल्व्ह आणखी उघडला.

तुम्ही ओळखलंच असेल. रिअॅक्शन मेली नव्हती, थांबली होती. आत साठलेलं सगळं हॅलाइड एकदम पेटलं. टीएचएफ ६६ अंशाला उकळतं, ते कंडेन्सर पार करून व्हेंटमधून शिट्टी मारत बाहेर. ब्राइन (थंड करणारं मीठपाणी) पूर्ण सोडली, फीड बंद केली आणि सगळे जिन्याने खाली पळालो. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. त्या रात्री मी घरी जाऊन कागद घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. कार्बन-मॅग्नेशियम बंधातली जोडी कार्बनकडे ओढलेली. म्हणजे हा कार्बनच आड, आणि तोही तुडुंब. पाण्याचा पीकेए १५.७, अल्केनचा ५०च्या आसपास. असा कार्बन पाण्याचा हायड्रोजन दिसला की सोडेल का? आधी पाण्याशी लग्न, मग तुमची रिअॅक्शन.

'ड्राय' हा अर्ध्या मार्काचा शब्द नाही, बाळ. आता आमच्याकडे पाण्याचा अंश मोजल्याशिवाय सॉल्व्हंट आत जात नाही आणि सुरुवात झाल्याची खात्री होईपर्यंत फीड पाच टक्क्यांच्या वर जात नाही.

---

रट्टाबहाद्दर | ७ सप्टेंबर, रात्री १०.५०

अंगावर काटा आला. बरं झालं मी बँकेत लागलो.

---

शेतकरी_मी | ८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

अवांतर शंका. हे वाकडे बाण काढायची टूम कोणाची?

---

जुना_खडू | ८ सप्टेंबर, दुपारी १२.२०

इंग्लंडच्या रॉबर्ट रॉबिन्सनची. १९२२मध्ये केरमॅक आणि रॉबिन्सन यांच्या लेखात वाकडे बाण आले. रॉबिन्सनना पुढे १९४७चं नोबेल मिळालं. तो बाण आपल्याकडे यायला फार दिवस लागले नाहीत. के. वेंकटरामन हे मँचेस्टरला रॉबिन्सनच्या हाताखाली शिकले आणि मुंबईला यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, आता जिला आयसीटी म्हणतात तिथे. पुढे पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) ते पहिले भारतीय संचालक. बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट एम.एस्सी.ला भेटेल, त्यातले ते हेच. आमच्या सरांचे सर यूडीसीटीचे होते. त्यामुळे मी फळ्यावर बाण काढायचो तेव्हा स्वतःला उगाचच रॉबिन्सनच्या खापरपणतवंडांत मोजायचो.

अर्धा बाणही असतो, माशाच्या गळासारखा एकच काटा असलेला. तो एकट्या इलेक्ट्रॉनचा. चिंचबोर, तुझ्याच प्रोपीनमध्ये पेरॉक्साइड घातलं तर १-ब्रोमोप्रोपेन मिळतं ना? खराश आणि मेयो, १९३३. तिथे जोड्या फुटतात, एकेक इलेक्ट्रॉन फिरतो, ब्रोमीन आधी येऊन कडेला बसतो. म्हणून तिथे गळाचा बाण. आणि हा प्रकार एचबीआरलाच का जमतो, एचसीएल-एचआयला का नाही, हे विचारतातच. एचसीएलचा बंध घट्ट, रॅडिकलला (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या तुकड्याला) त्यातला हायड्रोजन ओढताना ऊर्जा घालावी लागते. आयोडीनचं उलट, त्याला डबल बाँडवर बसणंच परवडत नाही. साखळी चालायची तर दोन्ही पायऱ्या उताराच्या हव्यात. त्या एकट्या एचबीआरच्या नशिबात आहेत.

---

पाटीपेन्सिल | ८ सप्टेंबर, रात्री ९.००

माझा मुलगा एफ.वाय.ला आहे, त्याच्यासाठी वाचनखूण साठवली. एक विचारते. न्यूक्लिओफाइलला मराठीत 'केंद्रकस्नेही' असं वाचलं. ते शिकवावं का मुलाला?

---

चिंचबोर | ८ सप्टेंबर, रात्री ९.२५

काकू, मी दोन्ही लिहून ठेवते. 'स्नेही' वाचलं तेव्हा कुठे कळलं की फाइल म्हणजे आवड. त्याआधी मला ती कॉम्प्युटरची फाइल वाटायची, खरंच. पेपरात मात्र इंग्रजीच लिहायचं आहे.

---

टीवायवाला | २० नोव्हेंबर, रात्री १०.३०

धागा वर काढतोय. चिंचबोर, प्रॅक्टिकलची तारीख आली असेल. सिंगल कंपाउंड ओळखायचा असतो. सोडियमबरोबर तापवून (फ्यूजन) त्यातली मूलद्रव्यं शोधताना तीन टिपा. सोडियमचा तुकडा गाळणकागदात दाबून रॉकेल टिपल्याशिवाय फ्यूजन ट्यूबमध्ये घालू नकोस. नळी लालभडक होईपर्यंत तापव, नुसती गरम चालत नाही, आणि चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवताना चेहरा लांब. हॅलोजनची टेस्ट करण्याआधी अर्क नायट्रिक आम्लात उकळ, नाहीतर सायनाइड नि सल्फाइड सिल्व्हर नायट्रेटला फसवतात. माझा एक मित्र त्याच्यामुळेच क्लोरीन लिहून आला होता.

---

जुना_खडू | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

आणि मेल्टिंग पॉइंटवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. १३३ला युरियाही वितळतो आणि सिनॅमिक आम्लही. दोन्ही मिसळून कॅपिलरीत भरले तर मात्र १३३च्या बरंच आधी पाणी होतं. आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

---

चिंचबोर | ६ डिसेंबर, संध्याकाळी ७.४५

आज प्रॅक्टिकल झालं. सगळं सांगते, लांब होईल.

मला पुडीत पांढरट पूड मिळाली. स्पॅच्युलावर जाळली तर काजळीची ज्योत, म्हणजे अॅरोमॅटिक. फ्यूजन केलं, टीवायवालादादाच्या टिपा पाळून. नायट्रोजन नाही, सल्फर नाही, हॅलोजन नाही. थिले ट्यूब रिकामी होती म्हणून आधी मेल्टिंग पॉइंट घेतला. कॅपिलरी लांब काचेच्या नळीतून टेबलावर पाच-सहा वेळा टाकली म्हणजे पूड तळाशी घट्ट बसते, हे आमच्या लॅबच्या मामांनी शिकवलंय. दोऱ्याने थर्मामीटरला बांधली. ११९ला कडा ओलसर दिसली, १२२ला सगळं पारदर्शक.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीची पूडही १२२. ती म्हणाली, बेन्झॉइक आम्ल, लिही आणि मोकळी हो. मागच्या बाकावरच्या दोघांचंही तेच. मीही जर्नलमध्ये 'बेन्झॉइक' लिहायला घेतलं होतं, 'बे' लिहूनही झाला होता.

मग आठवलं, आम्ल असेल तर बायकार्बोनेटला बुडबुडे यायला हवेत. वॉच ग्लासवर चिमूट टाकली, बायकार्बोनेटचं द्रावण सोडलं. काही नाही. जवळ डोळे नेऊन बघितलं, एकही बुडबुडा नाही. काडीने ढवळलं, पूड तशीच तरंगतेय. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकली तर मात्र विरघळली.

हात थरथरत होते, पण मागच्या पानावर पेन्सिलने पीकेए लिहिले. बेन्झॉइक ४.२, कार्बोनिक ६.४. म्हणजे बेन्झॉइक असतं तर त्याने बायकार्बोनेटला हायड्रोजन दिलाच असता आणि कार्बन डायऑक्साइड निघाला असता. निघाला नाही, म्हणजे माझ्या पुडीचा पीकेए ६.४पेक्षा वर. हायड्रॉक्साइडला देते, म्हणजे पाण्याच्या १५.७च्या खाली. मधलं कोण? फिनॉल जातीचं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला, हिरवट रंग आला.

मग एकदम ट्यूब पेटली. डाय (रंग) टेस्टला आम्ही जी बाटली वापरतो ती! बीटा-नॅफ्थॉल. त्याचाही मेल्टिंग पॉइंट १२२च्या आसपास. खात्रीसाठी थोडं अॅनिलीन, हायड्रोक्लोरिक आम्ल, बर्फ, सोडियम नायट्राइट, तापमान ५च्या खाली. माझी पूड अल्कलीत विरघळवून त्यात ओतली. लालभडक केशरी साका, हाताला लागला तो अजून निघाला नाहीये.

बाहेरून आलेल्या एक्झामिनर मॅडमनी व्हायव्हाला विचारलं, "मेल्टिंग पॉइंट बघून बेन्झॉइक का नाही लिहिलंस? सगळ्यांनी तेच लिहिलंय." मी बुडबुड्यांचं सांगितलं. त्यांनी मागच्या पानावरचे पेन्सिलचे आकडे बघितले. काही बोलल्या नाहीत, पण तो खोडलेला 'बे' बघून हसल्या.

शेजारच्या मुलीची पूड मात्र खरंच बेन्झॉइक होती. तिच्या वॉच ग्लासवर मी नंतर बघितलं, नुसता फेस.

---

लोटेकर | ६ डिसेंबर, रात्री ८.१०

डिग्री झाली की बायोडेटा पाठव पोरी.

---

शेतकरी_मी | ६ डिसेंबर, रात्री ८.३०

हातावरच्या रंगाचा फोटो टाका. आमच्याकडे हळदीचे हात आठवडाभर जात नाहीत, तुलना करू.

---

रट्टाबहाद्दर | ६ डिसेंबर, रात्री ९.०५

मी 'बेन्झॉइक' लिहून घरी गेलो असतो. बहुतेक २००९मध्ये गेलोही असेन.

---

चिंचबोर | ९ जानेवारी, रात्री ९.५०

सेमिस्टर दोन सुरू. अॅल्डिहाइड-कीटोन लागलेत. सर, इथे अडलेय. कार्बोनिलमध्ये ऑक्सिजनवर दोन मोकळ्या जोड्या आहेत, शिवाय डबल बाँडही आहे. म्हणजे आड इथेच दिसतोय. मग सायनाइड आपली जोडी घेऊन इथल्याच कार्बनवर का येतो? भरलेल्या आडात कोणी पाणी ओततं का?

---

जुना_खडू | ९ जानेवारी, रात्री १०.००

डबल बाँडमधली जोडी कोणाकडे जास्त झुकलीय ते बघ. चित्र काढ, दोन्ही रूपं काढ, इथे टाक. मी गोळ्या घेऊन येतो तोवर.